पस्तीस की त्रेपन्न?

कळमना मार्केटमध्ये लाल मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमच्या शाखेत सकाळपासून शिंकांची माळ लागायची. हमाल, मापारी, अडत्यांचे दिवाणजी सगळे काउंटरशी येत ते अंगाखांद्यावर मिरचीची धूळ घेऊनच. १९९७ च्या आसपासची गोष्ट. एक मापारी आपल्या मुलाला घेऊन आला. बाप अंगठेबहाद्दर, त्यामुळे पैसे काढण्याची स्लिप मुलाने भरायची. पोरगा चौदा-पंधरा वर्षांचा, नववीतला. त्याने अक्षरी लिहिले ‘तिन हाजार पाशचे’ आणि आकड्यात ५३००. मी स्लिप परत केली. दुसरीही चुकली, तिसरीही. चौथ्या वेळी मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, ‘‘नववीत आहेस ना? मग शाळेत काय झोपा काढतोस?’’ रांगेतले लोक हसले.

बाप एवढेच म्हणाला, ‘‘सायब, हिसोबात पक्का हाये पोट्टा. लिवतानी गडबडते.’’

ते खरे होते. साडेसदतीस किलोचे सतरा कट्टे म्हटले की ‘सहा क्विंटल साडेसदतीस’ हे उत्तर तो पोरगा माझ्या कॅल्क्युलेटरच्या आधी द्यायचा. काट्याजवळ मी स्वतः ऐकले होते. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ज्याला सतरा साडेसदतीस तोंडी येतात, तो तीन आणि पाचाची जागा का चुकवतो, हा प्रश्न बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला पडायला हवा होता. पुढे बाप एकटाच येत राहिला. मुलाने त्याच वर्षी शाळा सोडल्याचे नंतर कळले.

या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या वेळी चांगले शंभर वर्षांचे जुने होते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार, चलाख, नजर उत्तम. पण लिहिलेले शब्द काही केल्या वाचता येत नाहीत. सगळे शिक्षण तोंडी दिले तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल, असे त्याच्या मास्तरांचे मत डॉक्टरांनी नोंदवले आहे. आज याला डिस्लेक्सिया म्हणतात. आकड्यांशी असेच भांडण असेल तर डिस्कॅल्क्युलिया. आणि सरकारी कागदावर ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’. मेंदूत लिहिल्या-वाचल्याची जुळणी वेगळ्या वाटेने होते, एवढाच त्याचा अर्थ. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, आळसाशी तर मुळीच नाही.

आपल्या मराठीने या मुलांसाठी काही खास खड्डेही खणून ठेवले आहेत. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ ही जुळी भावंडे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची, उच्चार मात्र नंतर. आणि आकडे! ‘पस्तीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहिताना तीन आधी लिहायचा. जसे ऐकले तसे लिहिणारे मूल प्रामाणिकपणे ५३ लिहिते. ‘एकोणसाठ’ मध्ये तर साठ ऐकू येतात आणि लिहायचे पन्नासातले. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘तीस पाच’ अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर हशा पिकला. विधानसभेतही कोट्या झाल्या. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुनी पद्धत काढलेली नाही, मुलांना सोपे जावे म्हणून दुसरी दिली आहे. ते विनोद पुढे पाठवणाऱ्यांत मीही होतो.

असो. हे सगळे आठवायचे कारण असे, की गेल्या वर्षी कळमन्याला संत्री घ्यायला गेलो असता एका टेम्पोपाशी उभ्या असलेल्या माणसाने मला हाक मारली. तोच मुलगा. आता चाळिशी ओलांडलेला, दोन टेम्पोंचा मालक. जुने काही काढले नाही. चहा पाजला आणि म्हणाला, ‘‘साहेब, माही पोरगी चौथीत हाये. तिचंबी माह्यासारखंच हाये.’’ अशा गोष्टी पुष्कळदा घराण्यात चालत येतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने स्वतःच ओळखले होते. घरी मात्र आजी सुनेला बोल लावत होती, शाळेने वहीवर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारला होता आणि आईने दोन-दोन ट्यूशन लावल्या होत्या. जे औषध लागू पडत नाही त्याचाच डोस दुप्पट, असा हा प्रकार घरोघरी चालतो.

विदर्भाला अशा मुलांची सवय नाही असे नाही. आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत. मुंबईत वकील दांपत्याने स्वतःच्या मुलीसाठी १९४४ मध्ये सुरू केलेली शाळा आज जय वकील शाळा म्हणून देशभर माहीत आहे. पांढरी काठी किंवा कानातले यंत्र दिसले की आपल्याला दया येते. ज्या मुलाचे काहीच दिसत नाही, त्याच्या वाट्याला छडी.

१९९६ साली महाराष्ट्र सरकारने या मुलांना परीक्षेत सवलती देऊ केल्या. म्हणजे मी त्या मुलाला रांगेत हसू करून ठेवले तेव्हा सवलती होत्या. कळमन्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत हा नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. मुलांमधली ही अडचण लवकरात लवकर ओळखून त्याप्रमाणे शिकवण्याची काळजी शाळांनी घ्यावी, असे हा कायदा सांगतो. मारणे किंवा मानसिक छळ करणे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद केले आहे. जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, या सवलती प्रमाणपत्र असेल तर मिळतात. साधारण आठव्या वर्षाच्या आत पक्के निदान सहसा करत नाहीत. पण मदतीला निदानाची वाट पाहावी लागत नाही.

मी त्याला आधी एकच सांगितले : मुलीचे डोळे आणि कान तपासून घे. कितीतरी ‘ढ’ मुले केवळ चष्म्यावाचून ढ असतात. तिचे दोन्ही ठीक निघाले. मग एका विशेष शिक्षिकेने घरी करण्यासारखे जे सांगितले, ते इतके साधे होते की आईचा आधी विश्वासच बसेना. परातीत गहू पसरायचे, त्यात बोटाने अक्षर गिरवायचे आणि गिरवताना मोठ्याने म्हणायचे. डोळा, कान, बोट तिघांनी मिळून एक अक्षर शिकायचे. पुस्तकाच्या ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरायची, म्हणजे खालच्या ओळी वर उड्या मारत नाहीत. इतिहासाचा धडा आईने वाचून दाखवायचा. वाचता येत नाही म्हणून शिवाजी महाराज का चुकावेत? रोज वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. दोन्ही ट्यूशन बंद. आजीला हे बंद करणे सर्वांत जड गेले.

शाळेत पहिल्या बाकावर जागा आणि तोंडी उत्तरे घेण्याची मुभा, एवढेच मागायचे होते. साठ मुलांच्या वर्गात बाई एकट्या, त्यांचीही दमछाक होते. आपण भांडायला गेलो की त्या पाठ फिरवतात. म्हणून अर्ज नम्र भाषेत लिहायचे ठरले.

त्या संध्याकाळी तो अर्ज लिहायला माझ्याकडे आला. पोरगी सोबत होती. तिने आमच्या स्वयंपाकघरातून परात मागून घेतली आणि ‘तीस पाच’ पुटपुटत गव्हात ३५ काढला. मग तो बरोबर आहे का हे मला न विचारता पुसून टाकला. मी कागद पुढे सरकवला तर तिच्या बापाने हात मागे घेतला.

‘‘तुम्ही सांगा,’’ मी म्हणालो, ‘‘मी लिहितो.’’

त्याने सांगितले. एकही वाक्य दुरुस्त करावे लागले नाही. मग सहीसाठी पेन दिले. आपले नाव लिहिताना तो दोन अक्षरांनंतर थांबला, ओठ हलवून पाहिले, पुन्हा सुरू झाला. मी खिडकीबाहेर बघत बसलो. बराच वेळ लागला.