ओयदिपौस ते अश्वत्थामन् : एका संशोधनविषयाची जडणघडण

बेळ्ळंदूर येथे राहणारी एक मराठी विद्यार्थिनी प्राचीन ग्रीक-रोमन नाटकावर प्रबंध लिहू इच्छीत होती. तिने प्रथम आणलेला विषय संस्कृत नाटकावरील ग्रीक प्रभावाचा. विंडिश यांनी १८८२ मध्ये हे मत मांडले, सिल्व्हाँ लेव्ही यांनी १८९० मध्ये त्याचा प्रतिवाद केला. ‘यवनिका’ या शब्दाभोवती फिरणाऱ्या या वादात नव्या पुराव्यावाचून भर घालणे व्यर्थ होते.

मग ती सोफोक्लीजकडे वळली. पु. ल. देशपांडे यांच्या अनुवादाचे शीर्षक ‘राजा ओयदिपौस’ असे आहे. इंग्रजी वळणाच्या ‘ईडिपस’पेक्षा हे रूप ग्रीक उच्चाराला जवळचे. हा प्रश्न केवळ लेखनाचा नव्हे. ग्रीकमध्ये या नावाच्या पूर्वार्धात ‘सुजणे’ हा अर्थ आहे, आणि त्यातच ‘मी जाणतो’ या क्रियापदाचा ध्वनीही ऐकू येतो. कोडे सोडवणारा, पण स्वतःचे जन्मरहस्य न जाणणारा नायक त्या नावातच सामावला आहे. टायरेसियसशी झालेल्या कलहात सोफोक्लीज हा श्लेष नायकाच्याच तोंडी घालतो. अनुवादात तो हरवतो. निवडक प्रवेश मुळातून वाचण्याइतकी ग्रीक शिकलीच पाहिजे, हा माझा आग्रह त्यामुळेच. अॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचे विंदा करंदीकरांनी केलेले भाषांतर परिभाषेपुरते फार उपयोगी पडते, त्यापुढे नाही.

रोमन बाजू विद्यार्थी बहुधा परिच्छेदभरात उरकतात. सोफोक्लीजची योकास्ता आत गळफास घेते आणि दूत वार्ता आणतो. सेनेकाची योकास्ता नायकासमोरच तलवारीने प्राण देते. भरताचा निषेध येथे आठवावा, पण ‘ऊरुभंगा’तला दुर्योधन रंगमंचावरच मरतो हेही आठवावे.

खरा विषय मात्र तिच्या दाराशीच होता. बी. एम. श्रीकंठय्या यांनी १९२९ मध्ये सोफोक्लीजचे ‘आयास’, म्हणजेच इंग्रजीतून परिचित असलेले ‘एजॅक्स’, महाभारतात आणून कन्नडमध्ये ‘अश्वत्थामन्’ रचले. आयास स्वतःच्या तलवारीवर पडून मरतो. अश्वत्थामा तर चिरंजीव! शोकात्मिकेचा नायक म्हणून त्याची निवड करणे हाच एक वाङ्मयीन निर्णय आहे, आणि त्याची मीमांसा मराठीत व्हावयास हवी. पुढे पी. लंकेश यांनी ओयदिपौसाचे नाटकही कन्नडमध्ये आणले.

अडचण एकच होती. ग्रीक वर्णमाला तिने उत्साहाने गिरवली होती. कन्नड बोलता येत असूनही बसवरची पाटी तिला वाचता येत नव्हती. प्रबंधाचा आराखडा सादर करण्यापूर्वी तिने सहा महिने मागून घेतले. सध्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकेकडे ‘अश्वत्थामन्’चे वाचन सुरू आहे.