बेंगळुरूचा लांबलेला डेंग्यू

सुमारे 900 मीटर उंचीवरचं, सौम्य हवेचं शहर म्हणून बेंगळुरूत डास कमी असतील, हा समज चुकीचा आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला कडक ऊन मानवत नाही आणि कडाक्याची थंडीही सोसत नाही. बेंगळुरूत वळवाचा पाऊस एप्रिल-मेमध्येच येतो, मग नैऋत्य मोसमी पाऊस आणि त्यामागून ऑक्टोबरात परतीचा. त्यामुळे डेंग्यूचा हंगामही लांबतो. त्यात पाणीटंचाई. नळ बेभरवशाचे, म्हणून पिंपं भरून ठेवायची; एडिसला असंच साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. सप्टेंबर 2024मध्ये कर्नाटकाने डेंग्यूला साथरोग जाहीर करून डासांची पैदास होऊ देणाऱ्यांना दंड लावला.

लागण कोणाला? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017-18च्या पाहणीत देशभरातल्या 5 ते 8 वयाच्या सुमारे 28 टक्के मुलांच्या रक्तात जुन्या लागणीच्या खुणा सापडल्या. 18 ते 45 वयोगटात 56 टक्के. दक्षिणेत तर सर्व वयांत मिळून सुमारे 77 टक्के. बहुतेकांना ताप आलेला कळलाही नसावा. पण विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकाराची पुन्हा लागण झाली की आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो.