प्रोफेशनल कोणी राहायचं?

२००३ च्या वर्ल्ड कपबद्दल चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही क्रिकेटवेड्याला विचारून बघा. सेंच्युरियनला सचिनने शोएबला थर्ड मॅनवरून भिरकावलेला षटकार तो हातवारे करून दाखवेल, फायनलमधली पॉन्टिंगची धुलाई चडफडत सांगेल, आणि मग आवाज जरा खाली आणून अँकर मंदिरा बेदीच्या ब्लाउजचे नूडल स्ट्रॅप आठवेल. तिने पॅनेलला विचारलेला एकही प्रश्न त्याला आठवणार नाही. खरं सांगायचं तर मलाही आठवत नाही.

म्हणून खेळाच्या प्रसारणातल्या बायकांबद्दलच्या गैरसमजांची सुरुवात तिथूनच करू.

‘दाखवायलाच बसवलेली असते, मग लोक दिसण्यावर बोलणारच.’

यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच हा गैरसमज चिवट आहे. सेट मॅक्सच्या ‘एक्स्ट्रा इनिंग्ज’मध्ये मंदिराला आणलं ते क्रिकेटच्या नावाने नाक मुरडणारा घरातला उरलेला प्रेक्षकही टीव्हीसमोर बसावा म्हणून. हिशेब धंद्याचा होता आणि तो चॅनेलचा होता. कुणाला घ्यायचं, कुठे बसवायचं, कार्यक्रमाचा थाट कसा ठेवायचा, हे अँकर ठरवत नाही. टोमणे मात्र तिच्या वाट्याला येतात. सुरुवातीला पॅनेलवरचे माजी खेळाडू आपल्या प्रश्नाचं धड उत्तरही देत नसत, भलतंच काहीतरी बोलत, असं मंदिराने पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. तिचं काम होतं सामान्य प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न विचारण्याचं. दिग्गजांसमोर बाळबोध प्रश्न विचारायला धाडस लागतं, आणि तो प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखं करायला काहीच लागत नाही. यात अनप्रोफेशनल कोण ठरतं, ते ज्याचं त्याने ठरवावं. ती टिकली, २००७ च्या वर्ल्ड कपलाही होती.

‘क्रिकेट खेळलीय का ही कधी?’

हा प्रश्न हर्षा भोगलेंना कुणी दरडावून विचारत नाही. केमिकल इंजिनिअर, पुढे अहमदाबादचं आयआयएम. आंतरराष्ट्रीय सामना एकही नाही. आणि न विचारण्यात चूक काहीच नाही, कारण समालोचन ही स्वतंत्र कला आहे. पण मग निकष सगळ्यांना सारखा हवा. अंजुम चोप्रा भारताची कर्णधार होती, १२७ एकदिवसीय सामने खेळली. लिसा स्थळेकर तर आपल्या पुण्यात जन्मली, दत्तक जाऊन ऑस्ट्रेलियाची झाली आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी अशी जोडी सर्वांत आधी तिने जमवली. २०१३ च्या वर्ल्ड कप फायनलचा शेवटचा झेल मुंबईत ब्रेबॉर्नवर तिनेच घेतला. या दोघी २०१५ मध्ये आयपीएलच्या समालोचनात आल्या. तरीही ‘हिला काय कळतं’ हे वाक्य काही थांबलेलं नाही.

बायका या कामात काल-परवा आल्या, हेही खरं नाही. सी. के. नायडूंची मुलगी चंद्रा नायडू यांनी १९७७ मध्ये इंदूरला मुंबई विरुद्ध एमसीसी सामन्याचं समालोचन केलं होतं. पेशाने त्या इंग्रजीच्या प्राध्यापिका.

‘साधं कौतुक केलं, त्यात एवढं काय?’

सगळ्यात जास्त ऐकू येणारा बचाव हाच, म्हणून जरा थांबून बघू. ४ जानेवारी २०१६, होबार्ट, बिग बॅश लीग. ख्रिस गेल आउट होऊन सीमारेषेवर आला. मेल मॅकलॉफलिन, क्रीडा पत्रकारितेत मुरलेली बाई, माइक घेऊन उभी. तिने खेळीबद्दल विचारलं. गेल म्हणाला की तुझे डोळे बघता यावेत म्हणूनच मुलाखतीला आलो, सामन्यानंतर एकत्र ड्रिंक घेऊ, आणि वर ‘लाजू नकोस, बेबी’. मी लाजत नाहीये, एवढंच ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

या प्रसंगात नेमकं काय बिघडलं? ती कामावर होती, थेट प्रक्षेपण चालू होतं, तिला निघून जाता येत नव्हतं आणि ठणकावून उत्तर द्यावं तर ‘हिला गंमत कळत नाही’ हा शिक्का तयार होता. कौतुक करणाऱ्याला यातलं काहीच पणाला लावावं लागत नाही. गंमत म्हणजे ज्या चॅनेलवर ती काम करत होती, त्याच्याच बिग बॅशच्या ट्विटर खात्यावरून आधी गेलला दाद देणारं ट्वीट पडलं, मग गडबडीने पुसलं गेलं. मेलबर्न रेनेगेड्स या त्याच्या संघाने गेलला दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. क्रिकेट ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स सदरलँड यांनी मैदान हीसुद्धा कामाची जागा आहे, हाच मुद्दा धरला. गेल म्हणाला, साधा विनोद होता.

‘कपडे नीट घातले की कुणी बोलत नाही.’

बोलतात. मंदिराने साडी नेसली तरी बोलले. अमेरिकेत २०१० मध्ये ईएसपीएनच्या टोनी कॉर्नहायझरने हॅना स्टॉर्म या आपल्याच सहकारी अँकरच्या कपड्यांची रेडिओवर टर उडवली. चॅनेलने त्याला दोन आठवडे घरी बसवलं. २०२० मध्ये टीव्हीवरची क्रीडा पत्रकार मारिया टेलर हिच्या पेहरावावर शिकागोच्या एका रेडिओ सूत्रधाराने गलिच्छ ट्वीट केलं आणि त्याची नोकरी गेली. त्या दोघी टीव्हीच्या शिरस्त्याप्रमाणेच सजून कामावर आल्या होत्या. ‘नीट’ची व्याख्या बघणारा दर वेळी नव्याने करतो.

‘आपसातलं बोलणं होतं, माइक चालू राहिला ही चूक.’

जानेवारी २०११ मध्ये स्काय स्पोर्ट्सचे अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज फुटबॉलच्या सामन्यातल्या लाइनवुमन शान मॅसीवर हसले, बाईला ऑफसाइड कळतो का म्हणून. तिचा त्या सामन्यातला वादातला निर्णय अचूक होता. आठवडाभरात ग्रे यांना काढलं आणि कीज यांनी राजीनामा दिला. माइक बंद असता तर मत बदललं असतं का, एवढाच माझा प्रश्न.

‘फ्रीलान्स अँकरला कायदा लागू होत नाही, शिवाय बोलणारा तिच्या कंपनीचा नाही.’

दोन्ही चूक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा भारतातला २०१३ चा कायदा कंत्राटी आणि तात्पुरत्या स्त्रियांनाही लागू होतो. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, म्हणजे स्टेडियमसुद्धा, त्यात ‘कामाचं ठिकाण’ धरली आहे. लैंगिक अर्थाचे शेरे मारणं हा त्यात छळच आहे; आणि कामाच्या जागी संबंध येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता पुरवणं ही मालकाची जबाबदारी आहे. मग बाहेरचा माणूस कितीही मोठा खेळाडू असो. याखेरीज शब्दांनी किंवा हावभावांनी स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तक्रार लेखी द्यावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.