एक तृतीयांशाचा हिशेब

इसवी सनाच्या आरंभी जगातलं एक तृतीयांश उत्पन्न एकट्या भारताचं होतं, हा आकडा आता सर्वतोमुखी झाला आहे. प्रचारसभेत तो येतो, सुप्रभाताच्या फुलांबरोबर व्हॉट्सॲपवर येतो. २०१५ साली शशी थरूर यांनी ऑक्सफर्ड युनियनमध्ये केलेल्या भाषणातले ‘इंग्रज आले तेव्हा २३ टक्के, गेले तेव्हा ४ टक्क्यांहून कमी’ हे आकडेही त्याच भावकीतले. या भावकीचा मूळ पुरुष म्हणजे अँगस मॅडिसन (१९२६–२०१०). हा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ बरीच वर्षं पॅरिसला ओईसीडी या श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेत होता आणि पुढे नेदरलँड्समध्ये प्राध्यापक झाला. दोन हजार वर्षांचं जगाचं उत्पन्न एका तक्त्यात बसवायचं धाडस त्याने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केलं.

तक्ता सगळे वाचतात, तो कसा भरला हे फारसं कुणी पाहत नाही. इसवी सन १ मध्ये भारताची लोकसंख्या मॅडिसनने साडेसात कोटी धरली आणि दरडोई उत्पन्न ४५० डॉलर. हे डॉलर १९९० सालचे, देशोदेशींच्या किमतींतला फरक काढून टाकलेले. गुणाकार केला की ३,३७५ कोटी डॉलर येतात. जगाचा एकूण आकडा १०,२५० कोटींच्या आसपास, म्हणून ३२.९ टक्के. आता लोकसंख्या पाहा. जगाची २३ कोटींच्या थोडी वर, त्यातले साडेसात कोटी भारतात, म्हणजे साडेबत्तीस टक्के. एक तृतीयांश माणसं होती म्हणून एक तृतीयांश उत्पन्न निघालं, एवढाच त्याचा अर्थ. ४५० हा आकडा कुठल्या ताम्रपटातून आलेला नाही. पोटापुरतं जगायला ४०० लागतात असं मॅडिसनने मानलं आणि त्यावर थोडी भर घातली. सन १००० लाही भारतासाठी तोच ४५० कायम आहे. म्हणजे मौर्योत्तर काळापासून चोळांपर्यंत दरडोई काही हललंच नाही, असं हा तक्ता सांगतो. खरं तर तो काहीच सांगत नाही.

१७०० सालच्या रकान्यात भारताचा वाटा २४.४ टक्के आहे. अभिमानाने उद्धृत होणारा हाच तो आकडा. पण त्या साली जगातली २७ टक्के माणसं इथे होती, म्हणजे उत्पन्नाचा वाटा माणसांच्या वाट्याहून कमी. दरडोई उत्पन्न इथे ५५०, ब्रिटनमध्ये १,२५०. १८२० मध्ये आपला वाटा १६ टक्क्यांवर उतरतो, पण त्याच तक्त्यात एकूण उत्पन्न ९,०७५ कोटींवरून ११,१०० कोटींच्या वर गेलेलं दिसतं. वाटा घसरला तो मुख्यतः इतर देश पुढे गेले म्हणून. आणि या तक्त्यातला भारत म्हणजे आजचे पाकिस्तान आणि बांगलादेशही.

मग वसाहतवादाने काही बिघडलं नाही, असं म्हणायचं का? मुळीच नाही. फक्त त्याचा पुरावा वाट्याच्या टक्केवारीत शोधू नये, दुसरीकडे भक्कम पुरावा पडला आहे. स्टीफन ब्रॉडबेरी, बिष्णुप्रिया गुप्ता आणि योहान कुस्तोदिस या आर्थिक इतिहासकारांनी ‘आईन-ए-अकबरी’तली मजुरी, ईस्ट इंडिया कंपनीचे दप्तर आणि नंतरची सरकारी आकडेवारी जोडून मांडणी केली. तिच्यात १६०० साली भारताचं दरडोई उत्पन्न ब्रिटनच्या ६० टक्क्यांच्या आसपास होतं आणि १८७१ पर्यंत ते १५ टक्क्यांच्याही खाली गेलं. इतिहासकार प्रसन्नन पार्थसारथी यांचं म्हणणं वेगळं आहे. अठराव्या शतकात दक्षिण भारतातल्या विणकराची मजुरी धान्यात मोजली, तर तो इंग्रज विणकराच्या बरोबरीने उभा राहतो, असं ते मांडतात. वाद मिटलेला नाही. दरी नेमकी कधी पडू लागली यावर तो आहे. एकोणिसाव्या शतकात ती प्रचंड रुंदावली, हे मात्र दोन्ही पक्ष मानतात.

हा हिशेब भारतात पहिल्यांदा नेटाने केला तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या माणसाने. दादाभाई नौरोजींनी १८७६ साली मांडलेल्या निबंधात १८६७–७० च्या सुमाराचं ब्रिटिश हिंदुस्थानचं दरडोई उत्पन्न २० रुपये काढलं. या आकड्यापेक्षा मला त्यांची पद्धत मोठी वाटते. सरकारी अहवालात जिल्ह्याजिल्ह्याचा एकरी उतारा बेरजेला धरून जिल्ह्यांच्या संख्येने भागलेला त्यांना दिसला. लागवड हजार एकरांची असो की लाख एकरांची, दोन्ही जिल्ह्यांचं वजन सारखंच! ही सरासरी त्यांनी फेटाळली आणि क्षेत्राप्रमाणे पुन्हा मांडली. मग शेजारी ठेवला तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च. गुन्हेगाराला सरकार जेवढं देतं तेवढंही रयतेच्या सरासरी वाट्याला येत नाही, हा निष्कर्ष सरकारच्याच कागदांतून निघाला. पुढे १८८२ मध्ये सरकारच्या अर्थखात्यातल्या बेअरिंग आणि बार्बर यांनी २७ रुपये काढले, १९०१ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ३०, तर त्याच साली सरकारचा टीकाकार विल्यम डिग्बीने १८ च्या आसपास. राजकारणाप्रमाणे आकडा वर-खाली होत होता. बिचारी रयत होती तिथेच.

पण हे आकडे मुळात येत कुठून? शेतीपुरतं उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे : आणेवारी. पिकाखालचं क्षेत्र, गुणिले प्रमाण उतारा, गुणिले यंदाचं पीक किती आणे. तिसरी संख्या गावकामगाराची नजर ठरवी. त्यात सर्वसाधारण पीक म्हणजे कुठल्या प्रांतात बारा आणे, तर कुठे सोळा. शिवाय आणेवारी कमी लागली की सारा तहकूब होण्याची किंवा सूट मिळण्याची आशा, तेव्हा ती चढी लागावी असं गावात कुणालाच वाटत नसे. जॉर्ज ब्लिन या अमेरिकन अभ्यासकाने याच आकड्यांवरून १८९१ ते १९४७ चा काळ मोजला : धान्योत्पादन वर्षाला ०.११ टक्क्याने वाढलं, लोकसंख्या ०.६७ टक्क्याने. भुकेचं याहून थेट चित्र नाही. पण अर्थशास्त्रज्ञ ॲलन हेस्टन यांनी शंका काढली की एकरी उताऱ्याची घसरण काही अंशी कागदावरचीच असेल, निराश आणेवारीतून झिरपलेली.

नजरेच्या जागी कापणी आणण्याचं श्रेय ज्यांना जातं, त्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे आहेत. चिठ्ठ्या टाकल्यासारखं शेत निवडायचं, त्यात ठरावीक तुकडा आखायचा, कापायचं, मळायचं, वजन करायचं. दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकड्यांवर भर देत. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा जितका लहान तितका उतारा फुगतो, कारण कडेवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून आतच धरली जातात. कडेच्या चार ताटांचा वाद, पण त्यावर देशाच्या अन्नसाठ्याचा आकडा ठरत होता. आणेवारीची पैसेवारी झाली तरी ५० पैशांच्या आतल्या गावांच्या याद्या आजही वर्तमानपत्रात येतात.

देशाच्या सरासरीला कंटाळलेल्याने एकच गाव पाहावं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला. १७७१ साली तिथे सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १९१५ मध्ये ती ७ एकरांवर आली. पेशवाईतले कागद टिकले म्हणून ही तुलना करता आली. आज त्याच पिंपळे सौदागरात टॉवर आहेत आणि जमिनीचा भाव चौरस फुटावर चालतो.

उत्पन्नाहून आयुर्मानाचे आकडे मला अधिक बोलके वाटतात. स्वीडनने १७४९ पासून पाद्र्यांकरवी प्रत्येक जन्म-मृत्यूचा तक्ता सुरू केला. त्या शतकाच्या उत्तरार्धात तिथलं सरासरी आयुष्य पस्तीसच्या आसपास होतं. भारतात गावपातळीवरच्या नोंदी इतक्या अपुऱ्या की लोकसंख्येचे अभ्यासक किंग्जली डेव्हिस यांना दोन जनगणनांतल्या वयोगटांची तफावत पाहून हिशेब करावा लागला. १९११–२१ या दशकासाठी उत्तर आलं २० वर्षं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने त्यात मोठा घाला घातला हे खरं, पण त्याआधीच्या दशकांतही ते पंचविशीच्या वर गेलं नव्हतं. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाच्या नोंदवहीत सही की फुली यावरून साक्षरता मोजता येते, आणि १९०० पर्यंत जवळजवळ सगळेच सही करू लागले होते. १९०१ च्या जनगणनेत भारतात साक्षर ५.३ टक्के, बायकांमध्ये शंभरात एकही नाही. या आकड्यांना डॉलरची गरज नाही, की कुठल्या आधारवर्षाची.

डॉलरच्या बाबतीत तर पाया स्वतःच हलतो. किमतींची आंतरराष्ट्रीय तुलना २००५ सालासाठी नव्याने झाली आणि २००७ च्या अखेरीस निकाल आले, तेव्हा भारत आणि चीन या दोघांच्या अर्थव्यवस्था सुमारे ४० टक्क्यांनी लहान निघाल्या. एकही गिरणी बंद पडली नव्हती. फक्त रुपयाची खरेदीशक्ती आधी जास्त धरली होती. आजच्या पातळीवरून मागे मागे मोजत शतकं गाठणाऱ्याचा अकबरही अशा दुरुस्तीने गरीब होतो.

जनगणनेचं मात्र तसं नाही. १८७२ ची पहिली गणना विस्कळीत होती, पण १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी माणसं मोजली गेली. १९४१ मध्ये महायुद्धामुळे तक्ते आखडते घेतले, तरी मोजणी झाली. २०२१ ची गणना झाली नाही. आता ती २०२७ मध्ये व्हायची आहे. तोपर्यंत दरडोई म्हणून जो आकडा छापला जातो, त्याचा छेद अंदाजाचा आहे.