उडत्या तबकडीचा तपास

आकाशांत दिसणारी वस्तु किती मोठी आहे, हें केवळ डोळ्यांनीं ठरवितां येत नाहीं. झाडाशेजारीं उभ्या असलेल्या मनुष्याच्या उंचीचा अंदाज सहज होतो; परंतु निरभ्र आकाशांत असा मापदंड कोठून असणार? जवळचा लहान गोळा व दूरचा प्रचंड गोळा नजरेला सारखेच भासतात. या साध्या गोष्टीमुळें केवढा अनर्थ ओढवतो, हें अमेरिकेंतील एका दुर्घटनेनें दाखविलें.

१९४७ च्या जून महिन्यांत केनेथ आर्नोल्ड या वैमानिकानें रेनियर पर्वताजवळ नऊ चकचकीत वस्तु वेगानें जातांना पाहिल्याचें सांगितलें. वृत्तपत्रांनीं त्यांस 'उडत्या तबकड्या' हें नांव दिलें आणि देशभर तोच विषय झाला. पुढें ७ जानेवारी १९४८ रोजीं दुपारीं केंटकी राज्यांतील गॉडमन विमानतळावरून एक पांढरी वस्तु दिसूं लागली. कोणास ती छत्रीसारखी वाटली, कोणास शंकूसारखी. त्याच सुमारास चार मस्टँग विमानें तिकडून चाललीं होतीं. तुकडीचा नायक होता कॅप्टन टॉमस मँटेल, वय वर्षें २५. ती वस्तु काय आहे तें पाहावें, असें त्याला बिनतारी यंत्रावरून सांगण्यांत आलें.

एक विमान आपल्या मार्गानें निघून गेलें. दोघांनीं सुमारें २२ हजार फुटांवरून माघार घेतली. मँटेल मात्र चढतच राहिला. त्याच्याजवळ प्राणवायूची सोय नव्हती. १८ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. अशा वेळीं मनुष्याला गुदमरल्यासारखें वाटत नाहीं. उलट मेंदु गुंगून खोटा आत्मविश्वास वाढतो आणि कांहीं मिनिटांत शुद्ध हरपते. मँटेलचेंही असेंच झालें असावें. त्याचें विमान फ्रँक्लिन गांवाजवळ कोसळलें.

वायुदलानें चौकशी केली. पहिलें उत्तर मिळालें तें शुक्राचें. ज्योतिर्विद हायनेक यांनीं गणित केलें, तों शुक्र साधारण त्याच दिशेला होता. परंतु भर दुपारीं शुक्र दिसलाच तर सुईच्या टोंकाएवढा. पाहणाऱ्यांच्या वर्णनाशीं तो जुळेना. १९५२ मध्यें 'ब्लू बुक' चौकशीचे प्रमुख कॅप्टन रूपेल्ट यांनीं प्रकरण पुन्हां उघडलें, तेव्हां दुसराच धागा हातीं आला. अमेरिकेचें आरमार त्या काळीं 'स्कायहुक' नांवाचे प्लास्टिकचे फुगे विश्वकिरणांच्या संशोधनासाठीं सोडीत असे. त्यांचा व्यास सुमारें १०० फूट. उन्हांत ते धातूप्रमाणें चकाकत व मस्टँगच्या आटोक्याबाहेरच्या उंचीवर तरंगत. मात्र हें काम गुप्त असल्यानें मँटेलला त्याची वार्ता नव्हती. त्या दिवशींच्या एखाद्या विशिष्ट फुग्याची नोंद निर्विवाद जुळलेली नाहीं. तरी बहुतेक अभ्यासकांस हाच खुलासा ग्राह्य वाटतो.

वायुदलाची ही चौकशी १९६९ मध्यें बंद झाली. एकंदर १२,६१८ वृत्तांतांपैकीं ७०१ चा उलगडा झाला नाहीं. उलगडा न होणें म्हणजे परग्रहावरून कोणी आल्याचा पुरावा नव्हे. माहिती अपुरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मँटेलच्या बाबतींत तर उणीव होती ती आकाशाच्या ज्ञानाची नव्हे. एका खात्याला जें ठाऊक होतें, तें दुसऱ्या खात्याच्या तरुणापर्यंत पोंचलें नाहीं, आणि न गांठतां येणाऱ्या वस्तूमागें तो प्राणास मुकला.