सीडीवरील संगीत संगणकांत उतरवितांना

ज्या घरीं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं गाण्याची आवड होती, त्या घरच्या कपाटांत आजहि सीडींची एखादी चळत सांपडते. नाट्यगीतें, अभंग, ख्याल, भजनें असें कितीतरी धन त्या चकचकीत तबकड्यांत बंद होऊन पडलेलें असतें. परंतु त्या वाजविणारीं यंत्रें दुर्मिळ होत चाललीं आहेत, व नव्या बहुतेक संगणकांत सीडी घालण्याची सोयच नसते. म्हणून हें संगीत संगणकांत उतरवून घेण्याचें काम पुष्कळ घरीं विद्यार्थ्यांकडे येतें. तें करूं लागतांच संगणक विचारतो कीं, फाइल कोणत्या प्रकारची व किती बिटरेटची हवी? बहुतेक जण समोर दिसेल ती निवड मान्य करून पुढें जातात. ह्या प्रश्नाचा अर्थ काय व त्याचें उत्तर विचारपूर्वक कसें द्यावें, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम सीडीवर असतें काय, तें पाहूं. फिलिप्स ही डच व सोनी ही जपानी, अशा दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली ही तबकडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिच्यावर ध्वनी आंकड्यांच्या रूपानें लिहिलेला असतो. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजतात, व प्रत्येक मोजमाप १६ बिटांच्या संख्येनें, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीनें, नोंदवितात. डाव्या व उजव्या बाजूंची नोंद स्वतंत्र असते. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकूं येतो. आणि कोणतीहि लहर पुरती टिपावयाची तर तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां ती मोजावी लागते, असा गणिताचा नियम आहे. ४४,१०० ह्या आंकड्याचें मर्म हेंच. आतां गुणाकार करून पाहावा: ४४,१०० × १६ × २ म्हणजे सेकंदास १४,११,२०० बिट. ह्या हिशेबानें एका मिनिटास सुमारें १०.६ मेगाबाइट व एका तासास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते.

हा भार हलका करण्याचे मार्ग दोन आहेत. एकांत कांहींहि न गमावतां आटोपशीरपणें लिहितात. दुसऱ्यांत कांहीं भाग कायमचा टाकून देतात.

पहिल्या मार्गाचें उदाहरण म्हणजे फ्लॅक. जोश कोलसन ह्यांनीं रचिलेली ही पद्धति २००१ सालीं पूर्णत्वास आली. शाळेच्या हजेरीचा दाखला घ्या. सोमवारीं ४१२, मंगळवारीं ४१५ व बुधवारीं ४११ मुलें हजर होतीं, हें ‘४१२, अधिक ३, उणे ४’ असें लिहिलें, तर अंक थोडे लागतात आणि मूळ आंकडे मात्र जसेच्या तसे परत मिळतात. फ्लॅकमध्यें असेंच होतें. मागील मोजमापांवरून पुढील मोजमापाचा अदमास बांधून, अदमास व वस्तुस्थिति ह्यांमधील अंतर तेवढें लिहिलें जातें. सामान्यतः मूळच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत जागा त्यास पुरते. ज्या ध्वनींत खरखर फार, त्याचा अदमास बांधणें कठीण. म्हणून जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेलें गाणें त्या मानानें कमी आकसतें. फ्लॅकमध्यें ० पासून ८ पर्यंत पायऱ्या असतात. त्यांचा ध्वनीच्या दर्जाशीं कांहींएक संबंध नाहीं. वरची पायरी निवडल्यास संगणकास वेळ थोडा अधिक लागतो व फाइल थोडी लहान होते, इतकेंच. मूळची ५ ही पायरी बहुधा पुरेशी आहे.

दुसऱ्या मार्गांतील प्रसिद्ध पद्धति एमपी३ ही होय. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग प्रभृति संशोधकांनीं तिच्या घडणींत मोठा वांटा उचलला. देवळांतील घंटा दणदणत असतां शेजारची कुजबुज ऐकूं येत नाहीं, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. कानाच्या ह्या मर्यादेचा उपयोग करून, जें ऐकूं येण्याचा संभव कमी तें एमपी३ गाळून टाकते. किती गाळावें हें बिटरेटवरून ठरतें. पांच मिनिटांचें गाणें सीडीवर सुमारें ५३ मेगाबाइट जागा घेतें. तेंच ३२० किलोबिटच्या एमपी३मध्यें १२ व १२८ किलोबिटच्या एमपी३मध्यें ५ हून थोडी कमी मेगाबाइट घेतें. परंतु १२८ वर टाळ-झांजांचा नाद पाणचट होतो, व तबल्याच्या थापेची धार बोथट झाल्याचें लक्षपूर्वक ऐकणारास जाणवूं शकतें. ह्यांवर एक चांगला तोडगा म्हणजे बदलता बिटरेट: गाणें जेथें गुंतागुंतीचें तेथें अधिक बिट, साधें तेथें कमी. लेम नांवाच्या प्रोग्रामांत ‘व्ही२’ ही निवड सरासरी १९० व ‘व्ही०’ ही सुमारें २४५ किलोबिटपर्यंत जाते. मोबाइलवर ऐकण्यास ह्यांपैकीं कोणतीहि चालेल.

मग निवड कोणती करावी? आमचें मत स्पष्ट आहे: घरीं जपून ठेवावयाची प्रत फ्लॅकचीच असावी, व मोबाइलसाठीं तिच्यावरून एमपी३ काढून घ्यावी. कारण एमपी३नें एकदां टाकलेलें पुनः मिळत नाहीं. एमपी३चें फ्लॅक केलें किंवा १२८ चे ३२० केले, तर फाइल तेवढी फुगते. गेलेला स्वर परत येत नाहीं. जागेची चिंताहि आतां उरलेली नाहीं. तासाभराची सीडी ४०० मेगाबाइटची धरली, तरी दोनशे सीडी ८० गिगाबाइटांत बसतात.

उतरवितांना आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. तबकडी मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसूं नये. चुका तपासून पुनः पुनः वाचणारी निवड प्रोग्रामांत असल्यास तीच घ्यावी. वेळ लागला तरी चालेल. आणि गाण्याचें, गायकाचें व रागाचें नांव त्याच वेळीं शुद्ध देवनागरींत लिहावें. कारण पुष्कळ सीडींवर तीं नांवें आंकड्यांत नोंदलेलींच नसतात.

ज्यांस ह्या मतांची शंका असेल त्यांनीं प्रयोग करावा. एकाच गाण्याच्या फ्लॅक व एमपी३ अशा दोन प्रती घेऊन, भावंडाकडून त्यांतील एक न सांगतां वाजवून घ्यावी व ओळखावी. असें दहा वेळां करावें. नुसत्या दैवानें नऊ वा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शंभरांत सुमारें एक आहे. पांच-सहाच बरोबर आलीं, तर आपल्या कानास भेद कळतो असें म्हणतां यावयाचें नाहीं. तरीहि मूळ प्रत पूर्ण ठेवण्याचा आमचा आग्रह कायमच राहील. कारण उद्यांचा कान व उद्यांचीं यंत्रें आजच्याहून निराळीं असूं शकतील.

शेवटीं पालकांस एक विनंती. बाजारांतील सीडी हरवली तर दुसरी कदाचित् मिळेल. परंतु घरीं भरलेल्या सीडीवर आजीची ओवी, लग्नांतील मंगलाष्टकें किंवा स्नेहसंमेलनांतील समूहगान असेल, तर त्याची दुसरी प्रत जगांत कोठेंच नसते. तसल्या तबकडींतील रंगद्रव्य ऊन व उष्णता ह्यांनीं फिकें पडत जातें, व एके दिवशीं ती मुकी होते. तेव्हां आरंभ अशाच तबकड्यांपासून करावा, प्रत दोन ठिकाणीं ठेवावी, आणि हें काम पुढील सुटीवर न ढकलतां येत्या सुटींतच हातीं घ्यावें.