शाळेची इमारत : पैसा कोणाचा?

डहाणू-तलासरीतील व्यापारी बांधवांकडे शाळेच्या इमारतीसाठी पावतीपुस्तक आले की सवाल ठरलेला : ‘शाळा अनुदानित ना, मग वर्गणी कशाला?’ अनुदानाचा मोठा भाग शिक्षकांच्या पगारात जातो. भिंती-छप्पर खासगी संस्थेला बहुधा स्वतःच उभारावे लागते. 2012 च्या कायद्याखालील स्वयंअर्थसहाय्यित शाळांना तर पगाराचेही अनुदान नाही. डहाणू तालुक्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, 1957 साली ते कोसबाडला नेले; बालवाडी भरवली ती पाड्यावरच्या अंगणात! आमच्या मते आधी शिक्षक, मग स्लॅब. देणगी मात्र चेकने द्यावी. 2000 रुपयांवरील रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत नाही. नवी करपद्धती निवडणाऱ्या दुकानदाराला चेकनेही ती मिळत नाही.